घरात फोन आहे का? होय

2020 च्या ऑगस्टात कर्नाटकात विद्यागम हा सरकारी उपक्रम सुरू झाला. कोरोनामुळं शाळा बंद, म्हणून शिक्षकांनीच मुलांच्या वाडीवर जायचं. खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेची चौथी मी देवळाच्या पडवीत घ्यायचो.

त्याआधी वरून तक्ता आला होता. घरात इंटरनेटचा फोन, साधा फोन की काहीच नाही, असे मुलांचे तीन गट पाडायचे. फोनवाल्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास. पडवीत आम्ही आधी बिनफोनची मुलं बसवायचो. टीव्हीचा आमच्या मुलांना आधार नव्हताच. चंदना वाहिनीवरचे पाठ कन्नडमधून. सह्याद्रीवरची ‘टिलीमिली’ ही पाठांची मालिका मराठीत, पण ती बालभारतीच्या पुस्तकांवर; आमची पुस्तकं कर्नाटकची. सीमेवरच्या मराठी शाळांचा विचार दोन्हीकडं कुणी केला नाही, हे मी स्पष्टच म्हणतो.

एका सकाळी पहिल्या गटातला एक मुलगा आपणहून येऊन बसला. ग्रुपवर त्याच्या नंबरावरून प्रत्येक धडा पाहिल्याची निळी खूण यायची. वही उघडली, तर शेवटची तारीख मार्चमधली.

“फोन बाबा नेतोय की सर.”

बाबा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत. पहाटे जाणार, रात्री येणार, तोवर पोरगं झोपलेलं.

फळ्यावर 403 वजा 157 होतं. त्यानं 354 लिहिलं. म्हणजे प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. मधलं शून्य आलं की तिसरी-चौथीची बरीच मुलं इथंच अडतात, आणि हे व्हॉइस मेसेजनं सुटत नाही. खराट्याच्या काड्या काढल्या. शंभराचा गठ्ठा त्याच्याच हातानं सोडवला, दहा-दहाच्या दहा जुड्या झाल्या. त्यातली एक सोडून सुट्या काड्यांत मिसळली. तेरातून सात काढताना तो थांबला, वर बघितलं आणि उरलेलं स्वतःच केलं. 246. पुढची चार गणितं त्यानं मागून घेतली.

ऑक्टोबरात विद्यागम थांबलं आणि तोच तक्ता पुन्हा मागवला. त्याच्या नावापुढं मी ‘फोन रात्रीच घरी’ असं लिहिलं. फक्त होय किंवा नाही भरा, असा निरोप आला. फोन दिवसा कुठं असतो, याला त्यात रकानाच नव्हता. मी ‘नाही’ भरलं. त्याला निदान छापील अभ्यास तरी घरपोच मिळेल.

मग यादीतल्या बाकीच्या ‘होय’वाल्यांची घरं संध्याकाळी एकेक करून बघायला निघालो.