स्लाउ ते मँचेस्टर, व्हाया वजनकाटा

गणपतीच्या आदल्या शनिवारी सकाळी सातला लंडनजवळच्या स्लाउहून निघालो. मँचेस्टरच्या मंडळाला आमचं स्टेज आणि शाडूची मूर्ती हवी होती. भाड्याची ल्यूटन व्हॅन, म्हणजे मागे मोठा खोका असलेली सामानाची गाडी, मी एकदा घर बदलताना चालवली होती, एवढ्या पुण्याईवर चालक म्हणून माझं नाव ठरलं. मागे भाड्याचाच दोन चाकांचा ट्रेलर, शेजारी मेहुणा आणि आमच्या मंडळाचे काका. एम४०, एम४२, मग एम६ हे मोटरवे. दुपारच्या जेवणाला पोचणार होतो. पोचलो रात्रीच्या.

स्टॅफर्डच्या अलीकडे एक पांढरी गाडी पुढे आली. अंगावर काळे-पिवळे पट्टे, वर पिवळे दिवे, मागे पाटी: माझ्यामागे या. पोलीस नव्हते, डीव्हीएसए होतं, म्हणजे इथलं वाहनतपासणी खातं. थांबवायचा अधिकार त्यांनाही असतो आणि न थांबणं हा गुन्हा. हे लोक फक्त मोठे ट्रक धरतात अशी माझी समजूत होती. व्हॅन आणि ट्रेलरही धरतात.

"अरे, गणपतीचं सामान आहे म्हणावं, सोडतील," काका म्हणाले.

"काका, तुम्ही थालीपीठं काढा," मेहुणा म्हणाला. त्याचं बरोबर ठरलं.

तपासनीस बाई शांतपणे ट्रेलरभोवती फिरल्या, मग गुडघ्यावर बसून टॉर्च मारला. टायर बाहेरून ठणठणीत, पण आतल्या अंगाला रबर झिजून दोरे दिसत होते. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडी-ट्रेलरला मधल्या तीन चतुर्थांश रुंदीत किमान १.६ मिलिमीटर खोल खाच लागते. मी सकाळी खाच बघितली होती, पण उभ्याने. आतली बाजू उभ्याने दिसत नाही. खाली बसा, हात फिरवा. ब्रेकअवे केबलही नुसती कपलिंगच्या, म्हणजे ट्रेलर जोडायच्या, गोळ्यावर टाकलेली होती. ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक ओढून धरणारी ती तार, ती व्हॅनच्या पक्क्या भागाला अडकवलेली हवी. ट्रेलरची नंबरप्लेट तेवढी नियमाप्रमाणे आमच्या व्हॅनच्या नंबरची होती, ती आम्हीच लावलेली.

मग वजन. खरी गोष्ट इथे आहे. व्हॅन अर्धी रिकामी दिसत होती, त्यामुळे आम्ही निर्धास्त. दाराजवळच्या पाटीवर एकूण मर्यादा ३,५०० किलो, मागच्या एक्सलची (चाकांच्या आसाची) २,२४०. काट्यावर एकूण भरलं ३,८६० आणि मागचा एक्सल २,५१०. ढोल हलके असतात हो, पण स्टेजच्या फळ्या आणि लोखंडी पाय नसतात. मागे माल चढवायची लिफ्ट असलेल्या ल्यूटनमध्ये एक टनाच्या आसपासच माल बसतो, आणि त्यात माणसं धरायची असतात. आम्ही तिघं म्हणजे सव्वादोनशे किलो. शिवाय ट्रेलरच्या नाकाचा कपलिंगवर पडणारा ऐंशीएक किलो भार थेट मागच्या एक्सलवर जातो. फळ्या आम्ही लिफ्टजवळ रचल्या होत्या, उतरवायला सोप्या म्हणून. जड माल पुढे, केबिनला टेकवून ठेवला असता तर एक्सल कदाचित सावरला असता. एकूण वजन मात्र नाही.

हातात पीजी ९ आला, म्हणजे वाहन हलवण्यास मनाई. ही मनाई दोन प्रकारची असते. काही दोषांना दहा दिवसांपर्यंत मुदत मिळते, तेवढ्यात दुरुस्ती करून ती उठवून घ्यायची. आमची होती तत्काळ, म्हणजे दोष जाईपर्यंत चाक फिरवायचं नाही. फिरवलं तर तो वेगळा गुन्हा. वजनाचीही मनाई आली. दंड वजनाचा २०० पौंड, टायरचा १०० आणि लायसन्सवर ३ पेनल्टी पॉइंट. जास्तीचं वजन जसं वाढतं तसा दंड १०० ते ३०० पौंड होतो, आणि ३० टक्क्यांच्या वर गेलात की कोर्ट.

काकांना यात गावाकडचा अनुभव आठवला. जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडायची नाही हा नियम भारतातही आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनाला २,०००. "पण तिकडे फोन करायला कोणीतरी असतं," ते म्हणाले.

इथेही फोनच कामाला आला. तपासनीस दुरुस्ती करत नाहीत. टायरवाल्याला आपणच बोलवायचं. तो दीड तासाने आला. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या एका मराठी कुटुंबाने दोन गाड्या पाठवल्या. फळ्या त्यांच्याकडे, तांदळाची पोती त्यांच्याकडे, शेवटी काकासुद्धा त्यांच्याकडे. पुन्हा काट्यावर चढलो, बाईंनी पुन्हा टॉर्च मारला आणि पीजी १० दिला. तो मनाई उठल्याचा कागद, पुढे कोणी थांबवलं तर दाखवायला जवळ ठेवा. एकूण साडेचार तास गेले.

तुम्ही असं सामान नेणार असाल तर भरून झाल्यावर, सगळी माणसं आत बसवून, जवळच्या सार्वजनिक वजनकाट्यावर एकदा गाडी चढवा. फी थोडकी असते. एक्सल वेगवेगळे मोजायला सांगा. ट्रेलर लावल्यावर मोटरवेवर ताशी ६० मैलांची मर्यादा असते आणि तीन लेनच्या रस्त्यावर उजवीकडची लेन बंद. आम्ही ते पाळलं म्हणून निदान ते कलम लागलं नाही. लायसन्सची काळजी नको: डिसेंबर २०२१ पासून साध्या कार-लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. आमचं काम धंद्याचं नव्हतं म्हणून टॅकोग्राफ, म्हणजे चालकाचे तास नोंदवणारं यंत्र, कोणी विचारला नाही. केटरिंगवाल्यांनी मात्र गाडी आणि ट्रेलर मिळून साडेतीन टनांच्या वर जातात का ते आधी बघावं, तिथून टॅकोग्राफ आणि ऑपरेटर लायसन्सचे (धंद्यासाठी मालगाडी चालवण्याच्या परवान्याचे) प्रश्न सुरू होतात.

सोमवारी ट्रेलर परत दिला तेव्हा पीजी ९ ची प्रत काउंटरवर ठेवली. टायरचे पैसे त्यांनी मुकाट्याने दिले. दंडाबद्दल विचारलं तर म्हणाले, गाडी तुम्ही चालवत होता.