रिमॅपच्या आधी ब्रेक ऑइल

"गाडी रिमॅप केली तर पॉवर किती वाढेल?" रिमॅप म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातली आज्ञावली बदलणं. पुण्यात माझ्यासारख्या, ट्रॅकसाठी गाड्या तयार करणाऱ्या माणसाला हा प्रश्न फोनवर, पेट्रोल पंपावर, अगदी नातेवाइकांच्या लग्नातसुद्धा विचारला जातो. विचारणारे बहुतेक जण त्याच गाडीनं रोज ऑफिसला जातात, आणि वर्षातून एखाददोनदा शर्यतीच्या ट्रॅकवर जायचं त्यांच्या मनात असतं. मी उलट विचारतो, "ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंत?" समोरच्याला वाटतं, हा विषय टाळतोय. तुम्हीही विचारलंत, म्हणून पूर्ण उत्तर नीट लिहून काढतो.

रस्त्यावर कुठलीही गाडी पूर्ण ताकदीनं पळते ती काही सेकंदच. ओव्हरटेक झाला की पाय उचलला जातो, पुढे टेम्पो येतो, सिग्नल लागतो. तेवढ्या वेळात इंजिन, ब्रेक, टायर सगळंच निवतं. ट्रॅकवर ही उसंत नसते. पंधरा-वीस मिनिटं सलग एकतर एक्सिलरेटर दाबलेला असतो, नाहीतर ब्रेक. त्यामुळे गाडी तयार करायला घेतली की मी आधी उष्णतेचा विचार करतो: ती कुठे तयार होणार, कुठून बाहेर पडणार आणि कुठला भाग तिच्यापुढे पहिला हात टेकणार. पॉवर वाढवली की उष्णता सगळीकडेच वाढते. म्हणून जो भाग आधी हात टेकतो तिथून कामाला लागायचं आणि पॉवरपाशी सर्वांत शेवटी यायचं.

उदाहरणाला फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय घेऊ. आपल्या चाकणला बनलेली, २०१३ मध्ये आलेली, १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस (म्हणजे साधारण अश्वशक्ती) पॉवर, १७५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, पण पुण्यात या गाडीवर जीव लावणारे अजून पुष्कळ आहेत आणि माझ्याकडे सर्वांत जास्त विचारणा तिच्याबद्दलच होते. ट्रॅक घेऊ इरुंगट्टुकोट्टईचा, चेन्नईच्या अलीकडे श्रीपेरुंबुदूरजवळचा. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं उभारलेला, १९९० पासून चालू असलेला, सुमारे ३.७ किलोमीटरचा, १२ वळणांचा. खंबाटकी उतरून आपण ज्या राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून कोल्हापूर-बेळगावकडे जातो, तोच महामार्ग बंगळुरू, कृष्णगिरी, वेल्लोर करत या ट्रॅकच्या परिसरात पोचतो. म्हणजे गाडी बाराशे किलोमीटर चालवत न्यायची, ट्रॅकवर पळवायची आणि त्याच टायरवर, त्याच ब्रेकवर घरी आणायची. नुसती ट्रॅकची गाडी बनवणं त्यामानानं सोपं. ही दोन्हीकडची गाडी अवघड, आणि मला याच कामात रस आहे.

आता ब्रेक. चालकासकट पोलोचं वजन साधारण १२०० किलो धरा. सरळ पट्ट्याच्या शेवटी ती १६० वर आहे आणि वळणासाठी ८० वर आणायची आहे. वेग निम्मा झाला तरी गतिज ऊर्जेतला तीन चतुर्थांश भाग ब्रेकमध्ये उतरतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तो आकडा सुमारे नऊ लाख ज्यूल येतो. एवढ्या उष्णतेत पावणेतीन लिटर गार पाणी उकळीला येईल, आणि ती काही सेकंदांत मुख्यतः पुढच्या दोन डिस्कमध्ये जाते. पुढच्या मिनिटाला पुन्हा तेच. त्यात पोलोला मागे ड्रम ब्रेक, म्हणजे तिकडून फारशी मदत नाही.

ब्रेक दोन तऱ्हांनी साथ सोडतात आणि चालकाला त्यातला फरक पायाला कळलाच पाहिजे. पेडल घट्ट आहे, जोर लावूनही गाडी थांबत नाही, म्हणजे पॅड तापून घर्षण गेलं. पेडल मऊ पडलं, खाली जायला लागलं, म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं. पेडलचा दाब चाकांपर्यंत हे ऑइलच पोचवतं. ते स्वतः दाबलं जात नाही, पण त्यात वाफेचे बुडबुडे झाले की ते दाबले जातात आणि पाय नुसता आत जातो. पहिल्या प्रकारात थोडी तरी पूर्वसूचना मिळते. दुसऱ्यात पेडल एकदम तळाला जाऊ शकतं.

डॉट ४ दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असं मानक आहे. पण हे द्रव हवेतलं पाणी ओढून घेतं. पाण्याचं प्रमाण ३.७ टक्क्यांवर गेलं की तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. आता विचार करा, मुंबईत किंवा रत्नागिरीत दोन-तीन पावसाळे काढलेली गाडी आहे आणि ऑइल कधी बदललेलंच नाही. ऑफिसला जाताना त्या गाडीत काही जाणवणार नाही. ट्रॅकवर तिसऱ्या फेरीत जाणवेल. म्हणून माझा तो उलटा प्रश्न. ट्रॅकला निघण्यापूर्वी नवं, शक्यतो डॉट ५.१ किंवा रेसिंग दर्जाचं डॉट ४ भरायचं आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा नीट काढायची. नावात फरक थोडासाच आहे, पण डॉट ५ म्हणजे सिलिकॉनचं वेगळं द्रव. ते यात चालत नाही.

पॅडच्या बाबतीत तडजोड करावीच लागते. शर्यतीचे पॅड प्रचंड तापमान सोसतात, मात्र गार असताना नीट धरत नाहीत आणि सिग्नलला किंचाळतात. सकाळी सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताना समोर शाळेची मुलं असतात. तिथे पहिल्याच दाबाला ब्रेक लागले पाहिजेत. त्यामुळे रोजच्या गाडीला मी मधल्या दर्जाचे पॅड सुचवतो आणि ट्रॅकवर सलग फेऱ्या कमी मारायला सांगतो. तीन-चार जोरदार फेऱ्या, एक सावकाश, मग पुन्हा. एवढ्या शिस्तीनं महागड्या ब्रेक किटचा खर्च टळतो.

टायरची हवा हा फुकटात होणारा ट्यूनिंगचा सर्वांत परिणामकारक भाग. टायरमधली हवा दर १० अंशांनी तापली की दाब साधारण दीड पीएसआय चढतो. गार टायरमध्ये ३२ भरून ट्रॅकवर गेलात तर चार फेऱ्यांत तो ४० ला पोचतो. टायर मधोमध फुगतो, रस्त्याला कमी टेकतो आणि गाडी पुढून घसरायला लागते. चालक म्हणतो सस्पेन्शन बदला. बदलायची असते फक्त हवा. मी गार दाब बघत बसत नाही. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, आल्या आल्या गरम टायरवर गेज लावतो आणि ३५ च्या आसपास आणतो. चेन्नईला सकाळी आठला आणि दुपारी दोनला डांबराचं तापमान पार वेगळं असतं, म्हणून हे प्रत्येक सत्रानंतर करायचं. चांगला गेज स्वतःचा ठेवा. पंपावरच्या मशीनच्या भरवशावर हे काम होत नाही.

मग अलाइनमेंट. पोलोचं नाक जड, चालही पुढच्या चाकांना, त्यामुळे वळणात सगळा मार पुढच्या बाहेरच्या टायरवर येतो. गाडी कलली की त्या टायरची बाहेरची कडच रस्त्यावर राहते. चाकाला वरून आत झुकवलं, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर दिला, की वळणात टायर सपाट बसतो. ट्रॅकसाठी पुढे दोन-अडीच अंश कॅम्बर मला आवडतो. यावर लोक म्हणतात, महामार्गावर टायर आतून खाऊन जाईल. नुसत्या कॅम्बरनं टायर इतका खात नाही. त्याच्या जोडीला चाकं पुढून बाहेर उघडी ठेवली, म्हणजे टो-आउट दिला, तर मात्र आतली कड बघता बघता जाते. वळणात शिरताना टो-आउटचा फायदा होतो हे खरं, पण बाराशे किलोमीटर परत यायचंय. म्हणून टो शून्यावर. अलाइनमेंट करताना चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाइतकी पोती ठेवून घ्या, आकडे बदललेले दिसतील.

गाडी खाली बसवण्याचा हट्ट बहुतेकांना असतो. पोलोसारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेल्या) गाडीत खालचा आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा दांडा, चाकाकडे जाताना वर चढायला लागेल इतकी ती खाली घेतली, तर रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलू बघते. दिसायला रुबाबदार, वळायला वाईट. शिवाय आपले स्पीडब्रेकर आहेतच. थोड्या कडक स्प्रिंगा, त्यांना जुळणारे चांगले शॉकअप आणि उंचीत फार तर २० ते २५ मिलिमीटरचा फरक, यापुढे मी रस्त्याच्या गाडीला जात नाही.

आता रिमॅप. चांगला रिमॅप या इंजिनाला १३० पीएसच्या आसपास नेतो. टर्बोचा दाब वाढवला जातो, इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि पेट्रोलचं प्रमाण त्याप्रमाणे बदललं जातं. डायनोवर, म्हणजे पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर, गार इंजिनाला मोठा आकडा दाखवणं अवघड नसतं. तो आकडा चौथ्या फेरीला किती उरतो, हे मला बघायचं असतं. आत येणारी हवा तापली की सिलिंडरमध्ये नॉकिंग व्हायला लागतं, म्हणजे इंधन आपोआप भलत्या वेळी पेटतं. सेन्सर ते पकडतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्वतःहून टायमिंग मागे घेतो. इंजिन वाचतं, पॉवर मात्र जाते. म्हणून डायनोच्या कागदापेक्षा मी लॉगला, म्हणजे गाडी पळताना केलेल्या नोंदींना, महत्त्व देतो. ओबीडी पोर्टवरून (गाडी तपासायच्या सॉकेटवरून) आत येणाऱ्या हवेचं तापमान, टर्बोकडे मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब, प्रत्येक सिलिंडरचं मागे घेतलेलं टायमिंग हे सगळं नोंदवता येतं. ज्या मॅपमध्ये टायमिंग सतत मागे घेतलं जातंय, तो मॅप हावरेपणानं केलेला आहे. मी त्यातला दाब उतरवतो. आकडा घटतो, फेरीची वेळ सुधारते.

पेट्रोलही बदललंय. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल नॉकिंगला विरोध करतं ही चांगली बाजू. पण त्याच्यात ऊर्जा कमी, म्हणून तेवढ्याच हवेला जास्त इंधन सोडावं लागतं आणि पंप, इंजेक्टर यांच्यावर ताण येतो. जुन्या पेट्रोलवर केलेला मॅप आता पुन्हा तपासून घ्यायलाच हवा. जास्त ऑक्टेनचं, म्हणजे नॉकिंगला जास्त विरोध करणारं पेट्रोल, उदाहरणार्थ इंडियन ऑइलनं २०२० च्या डिसेंबरात आणलेलं एक्सपी १००, भरायचं असेल तर मॅपही त्यासाठी केलेला हवा, आणि मग घाईत साधं पेट्रोल भरून गाडी ताणायची नाही.

टॉर्कचं मी हट्टानं सांगतो. पोलोचा सात गिअरचा डीएसजी २५० न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे आणि त्याचे क्लच कोरडे आहेत, त्यांना निववायला तेल नाही. म्हणून मी टॉर्क २२० च्या वर जाऊ देत नाही, आणि कमी आरपीएमला तो एकदम चढू देत नाही. गंमत अशी की या क्लचला सर्वांत जास्त त्रास ट्रॅकवर होत नाही. तिथे एकदा क्लच लागला की तो पूर्ण पकडलेला असतो. त्रास होतो सिंहगड रोडच्या गर्दीत, एकेक फूट सरकताना, अर्धवट घासत राहिल्यामुळे. पुढची गाडी थोडी पुढे जाऊ द्या आणि मग एकदाच हला. गिअरबॉक्स कितीतरी वर्षं जास्त टिकेल.

पॉवरशिवाय वेग नाही असं वाटणाऱ्यांना मी कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांच्याबद्दल सांगतो. त्यांनी मारुती ८०० चं इंजिन हलक्या, एका सीटच्या चासीत बसवून 'फॉर्म्युला मारुती' या शर्यतीच्या गाड्या बनवल्या. जे इंजिन घराघरांत होतं तेच, पण वजन कमी आणि चाकं जमिनीवर नीट टेकलेली. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेल्या नारायण कार्तिकेयननं सुरुवात याच फॉर्म्युला मारुतीतून केली. कोइम्बतूरच्या ट्रॅकला करिवर्धन यांचं नाव दिलंय ते योग्यच आहे.

कायद्याचंही स्पष्ट सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांनुसार, नोंदणीतल्या उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल रस्त्यावरच्या गाडीत चालत नाहीत. नेहमीच्या विमा पॉलिसीतून शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. त्यामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, काढून द्यायचं काम मी घेत नाही, मूळ मॅप जपून ठेवतो आणि ट्रॅकवरून परतताना तोच गाडीत चढवायला सांगतो. ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी हे ट्रॅक नाहीत. तिथल्या वळणापलीकडे एसटी असते, दुचाकीवर आईबापांच्या मध्ये बसलेलं मूल असतं. ज्याला घाटात "टेस्ट" घ्यायचीय त्याची गाडी मी तयार करत नाही.

शेवटचं सत्र संपल्यावरही काम उरतं. शेवटची फेरी ब्रेकला हात न लावता सावकाश मारा. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नका, गाडी पार्कमध्ये टाकून चाकाला दगड लावा. टर्बो निवेपर्यंत इंजिन एक-दोन मिनिटं चालू राहू दे. सगळं गार झाल्यावर ऑइलची पातळी बघा, पॅडची जाडी बघा आणि व्हील बोल्ट टॉर्क रेंचनं पुन्हा १२० न्यूटन मीटरला आवळा. मग हवा, आणि इथे बरेच जण विसरतात. पिटमध्ये गरम टायर ३५ वर आणलेला आहे. रात्रीत तो निवला की २७ च्या आसपास येतो. तेवढ्या हवेवर सामान आणि दोन माणसं घेऊन उन्हात महामार्गाला लागलं तर टायरच्या भिंती वाकून वाकून तापतात आणि टायर फुटतो. म्हणून मुक्काम करा, सकाळी गार टायरमध्ये गाडीच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा भरा, स्टेपनीतलीही हवा बघा आणि मग वेल्लोरच्या दिशेनं निघा.