‘हस्तक्षेप करा’ एवढ्यानं भागत नाही

सुदानच्या दार्फुर भागातल्या अल-फाशर शहराच्या वेढ्यात अडकलेली माणसं शेंगदाण्याची पेंड खाऊन दिवस काढत होती. आपल्याकडे गुरांपुढे टाकतात तीच. सुदानच्या लष्कराशी लढणाऱ्या रॅपिड सपोर्ट फोर्सेस या निमलष्करी दलानं शहराभोवती मातीचा बांध घातला. ऑगस्ट २०२५ पर्यंत तो तीस किलोमीटरच्या वर गेलेला उपग्रहचित्रांत दिसत होता. ‘वेढा उठवा’ हा सुरक्षा परिषदेचा ठराव, क्रमांक २७३६, त्याआधी वर्षभर, जून २०२४ मध्येच झालेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये शहर पडलं आणि कत्तल झाली.

म्हणून दार्फुरसाठी पत्रं लिहिणाऱ्यांना, सह्या गोळा करणाऱ्यांना पहिली विनंती: ‘जगानं हस्तक्षेप करावा’ असं मोघम लिहू नका. त्याला तितकंच मोघम उत्तर येतं. मागणी एका ठरावीक कार्यालयाच्या हातातली हवी आणि ती पुरी झाली की नाही हे तपासता यायला हवं. आज अशी एक मागणी आहे. १५५६ (२००४) आणि १५९१ (२००५) या ठरावांनी घातलेली शस्त्रबंदी फक्त दार्फुरपुरती आहे. ती संपूर्ण सुदानला लावा. परिषदेत १५ पैकी ९ मतं लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी कोणी नकाराधिकार वापरता कामा नये. पत्रं फक्त त्या पाचांनाच जातात, ही नेहमीची चूक. नऊचा आकडा निवडून आलेल्या दहा सदस्यांशिवाय गाठताच येत नाही, त्यांच्या दिल्लीतल्या दूतावासांनाही लिहा.

ठराव झाला की काम संपलं असं समजणं ही त्याहून मोठी चूक. ऑगस्ट २००६ च्या १७०६ क्रमांकाच्या ठरावात दार्फुरसाठी संयुक्त राष्ट्रांचे १७,३०० पर्यंत शांतिसैनिक मंजूर झाले, पण सुदान सरकारची संमती मागितली होती. ती मिळाली नाही आणि एकही तुकडी गेली नाही. जुलै २००७ मध्ये १७६९ आला, सैनिक आणि पोलीस मिळून सुमारे २६,०००. जानेवारी २००८ मध्ये मोहीम सुरू झाली तेव्हा जागेवर सुमारे ९,००० होते. दार्फुर जवळजवळ फ्रान्सएवढं, रस्ते नाहीत, आणि मागितलेली २४ हेलिकॉप्टर्स महिनोन्महिने कुठल्याच देशानं दिली नाहीत. तेव्हा मोर्चातल्या फलकांवर ‘हेलिकॉप्टर द्या’ असंच लिहायला हवं होतं, असं आमचं ठाम मत आहे.

त्या काळातली एक युक्ती मात्र उत्तम होती. अमेरिकेत १-८००-जेनोसाइड हा फुकट नंबर होता. फोन करणाऱ्यानं आपला पिनकोड दाबायचा, काय बोलायचं ते ऐकायचं, की फोन थेट त्याच्या लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात लागायचा. तिथं स्वतःच्या मतदाराचा फोन मोजला जातो. सह्यांच्या कागदावरही पिनकोडचा रकाना म्हणूनच ठेवा.

आपल्याकडे दार खासदाराचं. लोकसभेतल्या प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी लागते, त्यामुळे अधिवेशनाच्या बऱ्याच आधी भेटा. ‘सुदानबाबत सरकारची भूमिका काय’ असं विचारलं तर तोंडाला पानं पुसली जातात. विचारायचं असं: शस्त्रबंदी देशभर लावण्याला भारताचा पाठिंबा आहे का? नरसंहारविरोधी करार भारतानं १९५९ मध्ये मंजूर केला, पण कलम ९ ला, म्हणजे करारावरचे वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याच्या तरतुदीला, हरकत ठेवून. ती मागे घेणार का? हा प्रश्न कागदी वाटेल, पण रॅपिड सपोर्ट फोर्सेसना मदत केल्याच्या आरोपावरून संयुक्त अरब अमिरातींविरुद्ध सुदाननं भरलेला खटला मे २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं अमिरातींच्या याच कलमावरच्या हरकतीमुळे यादीतून काढून टाकला. आणि सुदानमधल्या ग्रेटर नाईल तेल प्रकल्पात २००३ पासून आपल्या सरकारी ओएनजीसी विदेश कंपनीचा २५ टक्के हिस्सा होता; तेव्हा ‘आपला काय संबंध’ हे उत्तर मान्य करू नका.

फोटोंबाबत कमालीची काळजी घ्या. दुसऱ्याच कुठल्यातरी युद्धातला एक जुना फोटो सापडला की अख्खं निवेदन खोटं ठरवलं जातं. जागा आणि तारीख कळत नसेल तर फोटो वापरूच नका. जिवंत माणसाचा चेहरा झाका, कारण त्याचे नातेवाईक अजून तिथेच कुठल्यातरी छावणीत असू शकतात. मूळ फाइल मात्र जशीच्या तशी जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीतून चित्रीकरणाची वेळ आणि ठिकाण निघून गेलेलं असतं, आणि पुढे तपास करणाऱ्यांना नेमकं तेच लागतं.