लिटरचा ग्लास नसते जी

एप्रिल २०२५. सकाळपाळीची शाळा. नागपूरचं ऊन त्या दिवसांत आठ वाजताच अंगात शिरतं आणि पोरांनी घरून आणलेलं गार पाणी डबा खायच्या सुट्टीपर्यंत कोमट होऊन जातं. पारडीकडच्या आमच्या शाळेत त्या दिवशी परिपाठाला उभी असलेली तिसरीतली एक मुलगी एकदम खाली बसली. चक्कर. तिला सावलीत नेलं, ओला दुपट्टा कपाळावर ठेवला. शाळेच्या कपाटातली ओआरएसची, म्हणजे जुलाब झाले किंवा ऊन लागलं की पाजायच्या मीठ-साखरेची, पुडी काढून लिटरभर पाण्यात घोळली आणि घोट घोट पाजलं. अर्ध्या तासात ती बोलायला लागली. सकाळी काही न खाता आली होती. आई येऊन घेऊन गेली.

मी माझ्या चौथीच्या वर्गात आले, तेव्हा फाडलेली रिकामी पुडी हातातच राहिली होती. त्या तासाला वाचनाची नोंद घ्यायची होती. एक मूल, एक उतारा, एक मिनिट. मोबाइलवर वेळ लावायचा आणि शब्द मोजायचे. जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू झालं, त्यात तिसरी संपेपर्यंत मुलानं मिनिटाला किमान साठ शब्द अर्थासह वाचावेत असं ध्येय आहे. ध्येय चांगलंच आहे. पण शब्द मोजता येतात, अर्थ मोजायला वेळ लागतो. म्हणून माझ्या वहीत नावापुढे नुसता आकडा उरत गेला. ही चूक माझी होती आणि ती दोन वर्षं चालली.

वर्गात तेव्हा बत्तीस मुलं होती. खिडकीजवळ बसणारी एक मुलगी मिनिटाला शंभराच्या वर शब्द वाचायची. उच्चार स्वच्छ, विरामचिन्हांना बरोबर थांबणारी. कुणी पाहुणे आले की आम्ही तिलाच उभं करायचो. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाचा आकडा पंचवीसच्या आसपास अडकला होता. जोडाक्षर आलं की तो थबकायचा, बोटानं अक्षर दाबून धरायचा. त्याच्या वडिलांची रसवंती आहे. उन्हाळाभर शाळा सुटली की तो तिथं जायचा.

मुलं उताऱ्यापेक्षा त्या चक्कर आलेल्या पोरीबद्दलच बोलत होती. “मॅडम, तिले ऊन लागलं का जी?” मग मी उतारा बाजूला ठेवला आणि पुडीवरच्या सूचना सोप्या मराठीत फळ्यावर लिहिल्या:

पुडीतील संपूर्ण पावडर एक लिटर पिण्याच्या पाण्यात टाका. पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. थोडे थोडे पाजा. तयार द्रावण उकळू नका. २४ तासांत संपवा. उरलेले फेकून द्या.

खिडकीजवळच्या मुलीला वाचायला सांगितलं. तिनं एका दमात वाचलं, एकही शब्द न चुकता. मी कपाटातून दुसरी पुडी आणली, टेबलावर पाण्याचा जग, एक स्टीलचा ग्लास, चमचा, एक रिकामी बाटली, पातेलं असं सगळं मांडलं आणि म्हटलं, “आता लिहिलंय तसं करून दाखव.”

तिनं ग्लास उचलला, काठोकाठ भरला, पुडीचा कोपरा दातानं फाडला आणि अर्धी पावडर त्यात ओतायला निघाली. मी तिचा हात धरला. वर्गाला विचारलं, “बरोबर आहे?” जवळजवळ सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी म्हणालं, “माही आई पण असंच करते.” कुणी म्हणालं, “अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी.” पाठीमागे सूचना फळ्यावर होत्या, ठसठशीत अक्षरांत, आणि त्यांच्याकडे कुणीही वळून बघत नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, “मॅडम, लिटरचा ग्लास नसते जी.”

रसवंतीवाला मुलगा उभा होता. मी म्हटलं, पुढे ये. तो फळ्यापाशी आला, बोट ठेवलं आणि वाचलं, “सं... संपूर्... संपूर्ण पाव-डर. एक. लि-टर.” मग टेबलाकडे बघितलं. “ग्लास दोनशेचा असते. पाच ग्लास लागन.” त्यानं बाटली उचलून बुडाशी छापलेला आकडा पाहिला, जगातलं पाणी तिच्यात भरलं, बाटली पातेल्यात रिकामी केली आणि पुडी उलटी करून, झटकून, वरून बोटानं टिचकी मारून शेवटचा कणही खाली पाडला. मी विचारलं, “टिचकी कशाला?” तर म्हणाला, “संपूर्ण लिवलं ना.”

वर्ग शांत झाला. खिडकीजवळची मुलगी रडवेली झाली होती. आजवर तिचं उत्तर कधी चुकलंच नव्हतं. मी तिला जवळ घेतलं, पण त्या वेळी माझ्याच मनात खूप काही चाललं होतं. जिचं वाचन मी दोन वर्षं शाळेला दाखवत होते, तिनं ते वाक्य वाचलं होतं, पण घेतलं नव्हतं. आणि ज्याच्या नावापुढे मी लाल खूण केली होती, त्यानं त्या चार शब्दांचा अख्खा अर्थ हातात धरला होता.

असं का झालं यावर मी पुढे बराच विचार केला. गोष्ट वाचताना मुलाला गोष्टच पुढे नेते. राजा जंगलात गेला की पुढे काहीतरी होणार हे त्याला ठाऊक असतं, एखादा शब्द निसटला तरी चालतं. माहितीच्या मजकुरात एक शब्द निसटला की सगळं बिघडतं. ‘पुडी’ आणि ‘संपूर्ण पुडी’ यांत फरक आहे, ‘पाणी’ आणि ‘एक लिटर पाणी’ यांत तर फारच. अशा मजकुराचं वाचन थांबत, मागे जात, बोट ठेवत करायचं असतं. माझी मुलं तो मजकूरही गोष्टीच्या वेगानं वाचत होती, कारण मी वेगच मोजत होते.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड. मुलांच्या डोक्यात आधीच काहीतरी लिहिलेलं असतं. घरी ग्लासात करतात, तर ग्लासच. समोरचा कागद दुसरं काही सांगत असला तरी डोळे त्यावरून सरकतात आणि उत्तर आतून येतं. त्या मुलाचंही उत्तर काही अंशी आतूनच आलं होतं, पण त्याच्या आत बर्फ, पाणी, बाटल्या, मापं होती. लिटर हा त्याच्यासाठी शब्द नव्हता, वजन होतं. अमेरिकेत १९८८ साली रेख्त आणि लेस्ली या दोघींनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला होता. वाचनात कच्ची पण खेळ ठाऊक असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा पुष्कळ जास्त सांगू शकली. हे मला प्रशिक्षणात ऐकून माहीत होतं. माझ्याच वर्गाच्या शेवटच्या बाकावर ते दोन वर्षं बसलेलं मात्र मला दिसलं नव्हतं.

मग तो तास तसाच लांबला. पोरांनी विचारलं, अर्धी पुडी अर्ध्या लिटरला का नाही चालणार? चांगला प्रश्न. पुडीवरचा तक्ता फळ्यावर उतरवला: मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. दशांश अजून शिकवले नव्हते, पण रुपये-पैसे सगळ्यांना येतात. दोन रुपये साठ पैसे, साडेतेरा रुपये, दीड रुपया, दोन रुपये नव्वद पैसे. बेरीज साडेवीस रुपये, आणि पुडीवर वजनही २०.५ ग्रॅम. एका मुलीनं तर “मॅडम, हिशेब जुळला!” म्हणून टाळी वाजवली. मग कळलं की ही चार वेगवेगळी माणसं एकाच पिशवीत बसली आहेत. डोळ्यांच्या अंदाजानं अर्धी ओतली, तर कोण किती बाहेर आलं ते सांगता येत नाही. शिवाय फोडलेली पुडी ओल धरते. पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होतं आणि लहान लेकराला त्याचा त्रास होतो. पाणी जास्त झालं तर पाजून पुरेसा उपयोग होत नाही. शेवटी ते लिटरभर पाणी वर्गानं झाकणाझाकणानं पिऊन संपवलं. खारट-गोड. कुणालाच आवडलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात एक नियम झाला: बोट ठेव. उत्तर दिलं की ते कुठल्या ओळीत आहे तिथं बोट ठेवायचं. ओळ सापडली नाही तर म्हणायचं, हे मला आधीच माहीत होतं. त्यात कमीपणा नाही, फक्त तसं सांगायचं. आणि कधी दोन ओळी जोडून कळतं, तेव्हा दोन बोटं. पोरांना दोन बोटांचं फार अप्रूप वाटायचं.

पुढच्या आठवड्यात मी त्याच विषयावर बारा ओळींचा उतारा लिहिला. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांचं मिश्रण पिंपांतल्या पाण्यात घोळून रुग्णांना पाजायला लावलं. पाजणारे होते रुग्णांचे नातेवाईक. शंभरातले तीसच्या आसपास दगावत होते, ते चारहून कमी झाले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

मी विचारलं, पाणी कोणी पाजलं? खिडकीजवळच्या मुलीचा हात सगळ्यात आधी वर. “डॉक्टरांनी!” मग ती स्वतःच थांबली. उताऱ्यावर वाकली, ओळीवरून बोट फिरवत गेली, परत वर आली, परत खाली. मी घाई केली नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. “नातेवाईकांनी,” ती म्हणाली. बोट ओळीवर होतं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “मॅडम, मग त्यांच्यातल्या कुणाला वाचता येत नसेल तर?” मी आजवर घेतलेल्या शेकडो उताऱ्यांवर मला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता.

चार-पाच दिवसांनी शाळा सुटताना तिची आई फाटकाशी उभी दिसली, हातात चुरगळलेली पुडी. धाकट्याला जुलाब होत होते. “मॅडम, हिनं काल रात्री माह्या हातातून ग्लासच घेतला. म्हटलं, कुठं लिवलं ते दाखव. तं बोट ठेवलं ना जी इथं.” पुडीवर हिंदीत ‘एक लीटर’ होतं. आईलाही वाचता येत होतं. ती बाई इतकी वर्षं पुडी आणत होती, फोडत होती, फेकत होती. त्यावर तिच्यासाठी काही लिहिलेलं असेल असं तिला वाटलंच नव्हतं. तिनं हळूच विचारलं, “आतापर्यंत केलं, त्याचं काही होते का?” मी आधी धाकट्याचं विचारलं. दवाखान्यात नेलं होतं, तो खेळत होता. मग आम्ही दोघी फाटकाच्या सावलीत उभ्या राहून ती पुडी मागून पुढून पूर्ण वाचली. निर्मितीची तारीख, शेवटची तारीख, सगळं.

मेमधल्या सुट्या लागल्या. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, गेला, जूनअखेर शाळा उघडली आणि ती मुलं पाचवीत, बाजूच्याच वर्गात गेली.

ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या सुट्या लागायच्या दोन दिवस आधी, रसवंतीवाला मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. पेपराचं कात्रण होतं, त्यावर रसाचे डाग. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, आदेश काढला होता: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या गोड पेयांच्या डब्यांवर ‘ओआरएस’ हे नाव वापरायचं नाही. “मॅडम, आमच्या बाजूच्या दुकानात हे डबे असते. लोकं ऊन लागलं की हेच नेते. त्याच्यावर लिटर कुठंच नाही लिवलं, मी पाह्यलं.” साखरेचा आकडाही त्यानं वहीत उतरवून आणला होता आणि शेजारी साडेतेरा लिहिलं होतं. डब्यावरचा आकडा शंभर मिलीचा होता. त्यानं त्याला दहानं गुणलं होतं.

मग त्यानं मला ती बातमी वाचून दाखवली. पहिल्या ओळीत तीनदा अडला. दुसऱ्या ओळीत ‘भ्रामक’वर बोट थांबलं.

“मॅडम, भ्रामक म्हंजे?”

“फसवणारं. आहे एक आणि वाटावं दुसरंच.”

“हां,” तो म्हणाला, आणि बोट उचलून परत पहिल्या ओळीच्या सुरुवातीला नेलं.