कोरड्या दिवसांतली मजल

प्रार्थनेला बसावं आणि एक शब्द सुचू नये, अशी माझी अवस्था बरेच महिने आहे. रविवारी पंचहौदच्या पवित्र नाम देवालयात नेहमीच्या बाकावर बसते, प्रभुभोजन घेते आणि गेले तशीच परत येते. घरात संकट नाही, मनात कसलं पाप दडवलेलं नाही. नुसता कोरडेपणा. मंडळीत कुणाजवळ बोलावं तर "विश्वास वाढवा, उपास करा" असं ऐकायला मिळतं आणि माणूस आणखी खचतो. माझ्यासारखे पुष्कळजण गप्प बसून असतील, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या पेठांत दोन्ही पालख्यांचा मुक्काम असतो. माऊलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. यंदा शेजारच्या काकूंबरोबर सासवडपर्यंत चालले. ख्रिस्ती म्हणूनच चालले, मनातल्या मनात स्तोत्रं म्हणत. दिंडीत कुणी काही विचारलं नाही. "चला माऊली" एवढंच.

ही मजल तीसेक किलोमीटरची. हडपसरपर्यंत पाय आपोआप पडतात. वडकी मागे पडली की समोर दिवे घाट उभा. माऊलींच्या रथाला इथे जादा बैलजोड्या लावतात. चढणीवर डोक्यावर तुळस घेतलेल्या एका आजींच्या मागे मी चालत होते. टाचा भेगाळलेल्या, एका चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला. दर दहा-बारा पावलांनी ती सुतळी सरके. आजी तुळशीला धक्का न लावता पायानेच ती सारखी करत आणि पुढे निघत.

मी विचारलं, "आजी, पंढरपुरात दर्शन होतं का दरवर्षी?"

"कुठलं गं बाई! रांग लई मोठी. कळस बघायचा, चंद्रभागेत नाहायचं आन् माघारी."

"मग वाईट नाही वाटत?"

"वारी घडली की. वाईट कशाचं?"

हे त्या मला समजावायला म्हणाल्या नव्हत्या. पण घाटमाथा येईपर्यंत माझ्या डोक्यात तेवढंच होतं. देव जवळ असल्याची जाणीव झाली तरच प्रार्थना खरी, असं मला कुणी शिकवलं? शास्त्राने तर नाही. बायबलातलं 88वं स्तोत्र सुरू होतं ते तारणाऱ्या देवाला हाक मारून आणि संपतं काळोखात. उत्तर येतच नाही. तरी ते इतर स्तोत्रांच्या बरोबरीने शास्त्रात आहे आणि शतकानुशतकं देवापुढे म्हटलं जातं आहे.

पंडिता रमाबाईंचंही आठवलं. बाप्तिस्मा 1883चा, पण ख्रिस्त खऱ्या अर्थाने आपल्याला उमगला तो त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, असं त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत सांगितलं आहे. मधल्या काळात त्या थांबल्या नव्हत्या. 1889मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं, विधवा मुलींना शिकवलं. मला त्यांच्या नंतरच्या आनंदापेक्षा या आठ वर्षांचा आधार जास्त वाटतो. केडगावच्या मुक्ती मिशनबद्दल सगळे बोलतात, या वर्षांबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

सासवडला पोचलो तेव्हा पायांना फोड आले होते आणि मन होतं तसंच होतं. काही उजळलं नाही, आणि तशी अट घालून मी गेलेही नव्हते. आता सकाळची वेळ चुकवत नाही. स्वतःचे शब्द नसतील त्या दिवशी प्रार्थनापुस्तकातली छापील प्रार्थना म्हणते. पूर्वी मला ती कमअस्सल वाटायची, आता वाटत नाही. पाळकसाहेबांनाही सगळं सांगितलं. पुढच्या बुधवारी प्रार्थनासभेत 88वं स्तोत्र वाचायचं आहे, शेवटच्या ओळीपर्यंत, मागून दुसरं कुठलं आनंदाचं स्तोत्र न जोडता. ते मीच वाचणार आहे.