दोनालीचे कागद

औशात माझ्याकडे निजामाच्या काळातले उर्दू कागद वाचून घ्यायला लोक येतात. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि रीघच लागली. बहुतेक जमिनीच्या नोंदी, वाटणीच्या नकला. परवा एका पाटलाच्या नातवानं पिशवीतून काढलं ते मात्र बंदुकीचं लायसन.

‘सर, पणजोबाला खुद्द निजामानं बक्षीस दिलेली हाय,’ तो म्हणाला. कागदावर बक्षिसाचा शब्द नव्हता. १३४७ फसली (निजामाच्या राज्यातलं सरकारी साल), महिना आबान, म्हणजे १९३८ चा सप्टेंबर. (फसलीत ५९१ मिळवा, ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९०.) खाली वर्णन : दोनाली (दोन नळ्यांची बंदूक), बारा बोर (नळीच्या तोंडाचं माप) आणि नंबर. घडी नेमकी नंबरावर. उर्दूत दोनाच्या डोक्यावर एक खाच, तिनाच्या दोन. कागद तिथंच झिजलेला, एक आकडा दोन की तीन ते भिंगातूनही ठरेना.

शहरातल्या एका एजंटानं त्याला ‘अँटिक सर्टिफिकेट’ देऊ केलं होतं, म्हणे मग लायसनच लागत नाही. बंदूक बघितली नाही, नंबर विचारला नाही, पैसे आधी. असल्या कागदाला मी रद्दीचा भाव देतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या हत्यारांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही बार निघणार नाही अशांनाच. ह्या दोनालीचे घोडे आजही खणखणीत पडतात.

त्याचे चुलते वारल्यापासून ती परवानाधारक दुकानदाराकडे जमा आहे. तिथं गेलो. त्यानं पुढचं लाकूड काढून नळ्या उलट्या केल्या, तेल लावून चिंधी फिरवली. दमास्कसची वेलबुट्टी (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नळीवर उमटते ती नक्षी), बर्मिंगहॅमच्या तपासणीचे ठसे, आणि बारीक इंग्रजी अक्षरांत ‘नॉट फॉर बॉल’. पुढं तोंड आवळलेल्या नळीतून गोळी मारू नये, छर्राच वापरावा, अशी ती ताकीद. हा ठसा १८७५ ते १८८७ ह्याच काळात मारत. म्हणजे १९३८ साली लायसनवर चढली तेव्हाच बंदूक पन्नाशी ओलांडलेली. मधली वर्षं ती कुणाच्या खांद्यावर होती ते लायसन सांगत नाही. शेजारीच नंबर ठळक इंग्रजी आकड्यांत होता. म्हणजे कागदावरच्या खाचा दोन, तीनच होता तो. कागद आणि बंदूक एकमेकांची आहेत एवढं तरी पक्कं झालं. बक्षिसाची गोष्ट घरात सांगायला हरकत नाही, लायसनच्या अर्जात मी लिहिणार नाही.

इंग्लंडच्या काही नामांकित कारखान्यांनी जुन्या विक्रीच्या वह्या जपल्या आहेत. नंबर कळवला की बोर, नळीची लांबी, पहिलं गिऱ्हाईक कोण, हे ते कळवतात. बंदुकीच्या कुलपावरचं (घोड्याच्या यंत्राच्या पट्टीवरचं) नाव कधी कधी नुसत्या विकणाऱ्याचंही असतं, तेव्हा कारखान्यानं हात वर केले तर नवल नाही. तरी पत्र लिहून दिलं, ठशांचे फोटो जोडले. विलायतेत विकायचं खूळ मात्र डोक्यातून काढायला लावलं. शंभर वर्षांवरची पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, १९७२ चा कायदा तसा स्पष्ट आहे.

वारसाच्या लायसनचा अर्ज आता टाकलाय. उर्दू कागदाचं भाषांतर मीच केलं. नंबर आधी मुळातल्यासारखा उर्दूत, खाली इंग्रजीत. ‘मग भाव किती यील, सर?’ त्यानं विचारलंच. म्हटलं, आधी बंदूक तुझ्या नावावर होऊ दे.