वायरचे ड्रिल की बॅटरीचे? देवगडच्या घरकामातला माझा अनुभव

देवगड तालुक्यातल्या आमच्या घराला मागील दारी पत्र्याची शेड काढायची, स्वयंपाकघरात फळ्या बसवायच्या आणि खिडक्यांना डासांची जाळी लावायची, असे उन्हाळ्यात ठरले. सांगाड्याचे वेल्डिंग मेस्त्रींकडे दिले आणि बाकीचे काम स्वतः करायचे म्हणून ड्रिल घ्यायला कणकवली गाठली. तिथे दुकानदाराचा पहिलाच प्रश्न होता, वायरचे हवे की बॅटरीचे?

आपल्याकडे याला ठरलेले उत्तर मिळते: कोकणात वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा बॅटरीचेच घ्या. मला हे कारण अर्धवट वाटते, कारण बॅटरीही त्याच विजेवर भरावी लागते आणि वादळी पावसात दोन-दोन दिवस वीज नसली की भरलेली बॅटरी संपल्यावर दोन्ही मशीन सारखीच निरुपयोगी होतात. त्यापेक्षा भोक कशात पाडायचे आहे, हे आधी पाहावे.

आमच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या आहेत. जांभा वरून कणखर दिसला तरी आत सच्छिद्र असतो, मधूनच मातीचा पोकळ कप्पा लागतो आणि बिट, म्हणजे भोक पाडणारी सळई, एकदम आत जाते. अशा दगडावर मशीनची ठोके देण्याची सोय, म्हणजे हॅमर, चालू ठेवला तर भोकाची कड ढासळते, सहा मिलिमीटरचे भोक आठाचे होते आणि त्यात गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारा प्लग, नुसती फिरत राहते. म्हणून हॅमर बंद करून, साध्या फिरण्यावर, बिट अधूनमधून बाहेर काढत आणि तांबडी भुकटी फुंकून टाकत भोक पाडावे आणि गिट्टी लांब घ्यावी. एवढ्या कामाला १८ व्होल्टचे बॅटरीचे मशीन पुरेसे होते. दुकानात काही मशीनवर २० व्होल्ट लिहिलेले असते, त्याने मात्र बुचकळ्यात पडू नये. दोन्हींत पाचच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. सेलचा सरासरी ३.६ व्होल्ट धरला तर १८ होतात आणि पूर्ण भरलेल्या सेलचा ४ धरला तर २०.

सिमेंटच्या बीमची गोष्ट वेगळी. शेडच्या एका बाजूची पट्टी बीमला बोल्टने आवळायची होती. माझ्या हातातले मशीन पाहून मेस्त्री म्हणाले, "बीमाक ह्या मशीनान भोक पडूचा नाय, तेका मोठा मशीनच व्हया." ते बरोबरच होते. साध्या हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घसरून ठोके देतात. ते असतात पुष्कळ पण हलके, आणि जोर आपल्यालाच लावावा लागतो. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवेच्या दाबाने आतला हातोडा बिटावर आपटतो, त्यामुळे ठोके कमी असूनही भारी पडतात. शिवाय हिशेबही बॅटरीच्या विरुद्ध जातो. १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवर बॅटरीत ३६ वॉट-अवर ऊर्जा असते. ६०० वॉटचे मशीन पूर्ण जोरात चालले तर ती चार मिनिटेही पुरणार नाही. म्हणून बीमपुरता वायरचा रोटरी हॅमर भाड्याने आणला. घरात बीमची भोके अशी कितीशी पाडायची असतात, की त्यासाठी ते धूड विकत घ्यावे?

वायरच्या मशीनबरोबर एक्स्टेन्शनचा विचारही करावा लागतो. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज तसेही पडते. त्यात बारीक तारेची लांब वायर जोडली की मशीन रडतखडत चालते आणि मोटर तापते. मी दीड चौरस मिलिमीटरची तीन तारांची वायर वापरली आणि ती पूर्ण उलगडून ठेवली, कारण गुंडाळलेल्या वायरीत उष्णता कोंडते. ओल्या अंगणात काम असेल तर ३० मिलिअँपिअर वीजगळती झाली की वीज तोडणारा सुरक्षा-स्विच त्या लाइनवर आहे ना, हे आधी तपासावे.

पत्रे चढवताना मात्र बॅटरीच्या मशीनला तोड नव्हती. शिडीवर उभे असताना पायाखाली वायर नसणे हीच मोठी सोय, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे चकमागचे (बिट पकडणाऱ्या तोंडामागचे) आकड्यांचे कडे. सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू लोखंडी पाइपात शिरला की शेवटचा आवळा बेताचा हवा. जास्त आवळला तर रबरी वॉशर चेपून बाहेर येतो आणि पहिल्याच पावसात तिथून गळती सुरू होते. कडे योग्य आकड्यावर ठेवले की ठरावीक जोरानंतर मशीन कट्कट् करून थांबते. बहुतेक साध्या वायरच्या ड्रिलला अशी सोय नसते आणि मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्यांवर हात आवरणे कठीण जाते.

तेव्हा विकत घेतले ते बॅटरीचे, दोन बॅटऱ्यांसह. एक चार्जरवर असताना दुसरीवर काम चालते.

ज्यांचे घर चाकरमान्यांच्या घरासारखे गणपती ते मे बंद असते, त्यांनी मात्र वायरच्या मशीनचा विचार जरूर करावा. ते वर्षभर कपाटात राहिले तरी चकला तेलाचा हात दिला की पुरते. लिथियम बॅटरी रिकामी करून महिनोन्महिने ठेवली तर ती पुन्हा चार्ज न होण्याचा संभव असतो. ती निम्मी भरून, सावलीच्या कोरड्या जागी ठेवावी लागते आणि मधूनमधून तपासावी लागते. आमच्या बॅटऱ्या म्हणूनच आमच्याबरोबर मुंबईला येतात.